इटलीवाल्याकडची पंगत

सतरा सेक्टरातल्या त्या हॉटेलच्या पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं, ते मला आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. अक्षरं इंग्रजी होती, पण इतकी वळणावळणाची की वर्गात इंग्रजीत पहिली येणारी मी तिथं गटांगळ्या खात असे. तसंही चंडीगढमध्ये ते नाव कुणी घेत नव्हतं. सगळे 'इटलीवाला' म्हणत. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की तो बरोबर चौकातल्या कारंज्याच्या अलीकडे आणून सोडायचा. रविवारी दुपारी तर व्हरांड्यातल्या त्या उंच उंच खांबांच्या कडेनं तिथं रांग लागलेली असे. चंडीमंदिरच्या छावणीतून आलेले लष्करी अधिकारी आणि त्यांच्या कडक इस्त्रीतल्या बायका, युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर, हातभर लाल चुडा घातलेल्या नव्या नवऱ्या, सगळे एकामागे एक, हसतखेळत उभे. माणसं रांगेत इतक्या खुशीनं उभी राहतात हे मला नवीन होतं, कारण माझा रांगेचा अनुभव रेशनच्या दुकानापुरता. बाबांचं बोट धरून मी त्या काचेसमोरून जायची तेव्हा आतून लसणाचा, टोमॅटोचा आणि आणखी कशाचा तरी, मला नाव न देता येणारा वास यायचा, आणि मी मुद्दाम चपलेचा पट्टा सुटल्याचं नाटक करून तिथं थांबायची.

आम्ही राहायचो तेवीस सेक्टरात, सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारच्या एका बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर सरळ रेघा ओढणाऱ्या माणसाला सरळ रेघांचं शहर मिळालं, मग काय विचारता! बाबा चंडीगढच्या प्रेमातच पडले होते. सुट्टीच्या दिवशी आम्हाला रस्त्याच्या मधोमध उभं करून ते म्हणायचे, "बघा, इथून तिकडपर्यंत एक तरी वाकडी भिंत दिसते का?" आईला ती दिसत नसे, आणि तेच तिचं दुःख होतं. ती अचलपूरकडच्या एका खेड्यातली. तिच्या मते गावाला नाव असावं, गल्लीला नाव असावं, वळणावर एखादा पार असावा. "नंबर लावलेल्या घरात मानसं राहतात का कैदी?" असं ती म्हणायची. बाबा हसायचे. ते हसले की ती आणखी गप्प व्हायची, हे त्या भल्या माणसाला कधी कळलं नाही.

घरात मात्र ती गप्प नसायची. सकाळी उठल्यापासून तिचं जात्यावरचं गुणगुणणं, ठेचा कुटताना खलबत्त्याचा ठणठणाट, परातीत भाकरी थापल्याचा आवाज. शेजारच्या घरात तो थपथपाट ऐकून लोक मला विचारायचे, "कुंदा, तुम्हारे घर में कपडे रसोई में धुलते हैं क्या?" ज्वारी तिकडे मिळत नसे. दर दिवाळीला मामा ट्रंकेत भरून पाठवायचा, आणि आई ती असं जपून वापरायची की सणाला पुरणपोळी करावी तशी आमच्याकडे सणाला भाकरी व्हायची. पाटवड्यांचा रस्सा, गोळाभात, अंबाडीची भाजी. ती भाजी तर ती स्वतः अंगणात वाफा करून लावायची. आमच्या गल्लीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक तंदूर होता. संध्याकाळ झाली की बायका कणकेच्या पराती घेऊन तिथं जमायच्या, रोट्या भाजून घ्यायच्या आणि जगातल्या सगळ्या सुनांचा न्यायनिवाडा करायच्या. आई पहिल्या वर्षी दोनदा तिथं गेली. दुसऱ्यांदा तिनं आपल्या वऱ्हाडी हिंदीत काहीतरी विचारलं आणि बायका खो खो हसल्या. वाईट मनानं हसल्या नसाव्यात. पंजाबी बायका हसतात तेव्हा पोट धरूनच हसतात. पण आई परात उचलून घरी आली ती परत गेली नाही, आणि त्या दिवसापासून घराबाहेर तिनं तोंड उघडणंच बंद केलं.

तेव्हापासून मी तिचं तोंड झाले. भाजीवाल्यापाशी, डॉक्टरांकडे, पोस्टात, ती मला मराठीत सांगायची आणि मी पुढच्याला हिंदीत. समोरचा पंजाबीत बोलला तर पंजाबीत, कारण ती भाषा मी शाळेच्या मैदानावर भांडता भांडता उचलली होती. आईला हिंदी समजते हे मला ठाऊक होतं. पंजाबी मात्र तिच्या डोक्यावरून जाते, अशी माझी खात्री होती. अकरा वर्षांच्या पोरीला असा हुद्दा मिळाला की ती शेफारते, तशी मीही शेफारले होते. आई मराठीत बोलली तरी मी तिला उत्तर हिंदीत द्यायला लागले. ती म्हणायची, "अवं, माह्याशी तरी नीट बोल." मी म्हणायची, "बोल तो रही हूँ."

आता जे सांगणार आहे ते मी माझ्या मुलांनाही उशिरानं सांगितलं. शाळेत एकदा पालकांना बोलावलं होतं. आई आली. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, मी जवळ नव्हते, आणि तिनं धीर करून स्वतःच उत्तर दिलं. मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी तिची नक्कल केली. मी दारातून आत येत होते. त्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. अगदी जोरात हसले, आणि हसता हसता आईकडे पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. चार दिवसांनी तिनं बाबांना सांगितलं, "आमची तिकिटं काढा. मी पोरीले घेऊन भावाकडे राहतो. तिची शाळा तिकडेच करतो. तुमचं हे शहर तुमाले लखलाभ."

बाबांनी समजूत काढली, अबोला धरला, जेवण सोडलं. उपयोग शून्य. बुधवारची तिकिटं निघाली, दिल्लीवरून बडनेऱ्यापर्यंत, एक पूर्ण आणि एक अर्धं. आपण केलेल्या एका हसण्यापायी आपलं घर मोडतंय, हे मला कळत होतं आणि ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती. मला जायचं नव्हतं. बाबांना सोडून तर नाहीच. रात्री पांघरुणात मी देवाला चिक्कार लाच देऊ केली. देवानं काही ती घेतली नाही.

रविवारी सकाळी बाबा दाढी करता करता म्हणाले, "आज दुपारी इटलीवाल्याकडे जेवू. चार वर्षं पोरगी काचेला नाक लावून राहिली. जायच्या आधी एकदा तरी." मला वाटलं आई उडवून लावणार. बाहेर जेवणं म्हणजे तिच्या मते घरात काही वाईट झाल्याचं लक्षण. पण ती म्हणाली, "चला." ट्रंक भरायला काढलेली होती. तिच्यातूनच तिनं आपलं जांभळं इरकली लुगडं ओढून काढलं आणि नेसली.

जानेवारीचे दिवस, दुपारपर्यंत धुकं रेंगाळलेलं. आम्ही पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि मग ते दार उघडलं. आजवर मी बरीच हॉटेलं पाहिली. मुलाच्या कृपेनं परदेशातलीही दोन-तीन पाहिली. पण त्या दारातून आत गेल्यावर जे झालं ते पुन्हा झालं नाही. आधी ऊब आली, मग आवाज. शंभरेक माणसं एकाच वेळी बोलतायत, काटे-चमचे ताटल्यांवर वाजतायत, वर छतापाशी वाफेचा ढग साचलेला. टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकटींचे कपडे, प्रत्येक टेबलावर गवती विणीत बसवलेली एक गोल बुडाची बाटली आणि तिच्या तोंडात मेणबत्ती. भरदुपारी मेणबत्ती! मेण ओघळून ओघळून त्या बाटल्यांच्या अंगावर थर चढले होते. आणि समोर, हॉलच्या टोकाला, भिंतीत एक मोठी चौकोनी खिडकी होती, तिच्यातून सगळा भटारखाना दिसायचा. मी ज्या घरांत वाढले तिथं स्वयंपाकघर मागं असायचं, पाहुण्यांच्या नजरेआड. इथं ते देव्हाऱ्यासारखं समोर मांडलेलं. तिथं पांढरा एप्रन आणि पांढरी पगडी घातलेला एक उंचापुरा म्हातारा सरदारजी, पांढऱ्याशुभ्र दाढीला जाळी बांधून, पुरुषभर उंचीच्या पातेल्यात लांब दांड्याचा झारा फिरवत होता. तो झारा वर काढी तेव्हा त्यातून मॅकरोनीच्या लडी लोंबत आणि वाफेत तो कंबरेपर्यंत दिसेनासा होई. पुरुषभर उंच म्हणजे अर्थात माझ्या हिशेबानं. भक्ती मोठी होती, म्हणून पातेलंही मोठं दिसलं असेल.

"हेच ते हरबचनसिंग," बाबा हळूच म्हणाले. त्यांना सगळी माहिती. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात फौजेचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून इटलीत गेला होता. तिथं एका खेड्यात त्याची पलटण हिवाळाभर अडकली, तेव्हा ज्या घराच्या गोठ्यात तो झोपायचा त्या घरच्या म्हातारीकडून हे रांधणं शिकून आला. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. इटली नकाशात बुटासारखी दिसते, एवढीच माझी तिच्याशी ओळख. त्या बुटात राहून आलेला माणूस माझ्यापासून वीस पावलांवर उभा होता.

वेटरनं आम्हाला खिडकीजवळचंच टेबल दिलं. बाबांनी यादी उलटीसुलटी वाचली आणि "जे शाकाहारी असेल ते, तीन" असं सांगून मोकळे झाले. आणि इथं आमची पहिली चूक झाली. पहिली म्हणजे काय, तीच एक चूक, पण ती आम्ही पाऊण तास करत राहिलो.

तिथली रीत अशी की ज्याचं तयार होईल त्याचं आणून ठेवायचं. भट्ट्या मोजक्या, माणसं उदंड. बाबांची ताटली आधी आली. टोमॅटोच्या लाल रश्शात पोकळ नळ्या, वरून किसलेलं चीज वितळतंय. बाबांनी ताटलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. आमच्याकडे पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नसे. आणि वाढून झालं तरी घरधनी हात जोडून "होऊ द्या सावकाश" म्हणाला की मगच. बऱ्याच वेळानं माझी ताटली आली. मीही हात मांडीवर ठेवले. पोटात कावळे कोकलत होते, पण ठेवले. आईची यायला तर युगं लागली. तोवर बाबांच्या ताटलीतलं चीज घट्ट होऊन त्यावर साय धरली होती. शेवटी तिन्ही आल्या, आणि तरी आम्ही बसूनच. बाबा आईकडे बघतायत, आई भटारखान्याकडे बघतेय. घर सरदारजींचं, अन्न त्यांनी शिजवलेलं, तेव्हा 'घ्या' म्हणायला ते येतील अशी तिची समजूत. बाबांना तसं काही होणार नाही हे ठाऊक असावं, पण बुधवारच्या तोंडावर तिच्या आधी घास उचलायची त्यांची छाती नव्हती.

दाराशी रांग ताटकळलेली. वेटर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा त्यानं खिडकीतून आत काहीतरी सांगितलं, आणि हरबचनसिंग झारा खाली ठेवून, हात पुसत बाहेर आले. ते चालत आले तशी वाटेतली टेबलं एकेक गप्प होत गेली. ते आमच्यापाशी येऊन उभे राहिले, तिन्ही भरल्या ताटल्या पाहिल्या आणि म्हणाले, "की होया जी? माडी बणी ए?" बिघडलंय का, असं विचारत होते. रागानं नव्हे. एवढा मोठा माणूस, आणि चेहरा असा पडलेला की मला त्याचंच वाईट वाटलं.

बाबा गोंधळून इंग्रजीत सॉरी, सॉरी करू लागले. आईनं माझ्या कोपराला ढोसलं. "काय म्हणून राहिले ते?"

"पूछ रहे हैं, खाया क्यों नहीं. खराब बना है क्या, पूछ रहे हैं."

"नाही म्हणा. त्याइले सांग, अन्न चांगलं आहे, दिसूनच राहिलं. पण ज्याचं घर त्यानं 'घ्या' म्हटल्याबिगर आमी पंगतीत घास उचलत नाही."

मी ते जमेल तसं पंजाबीत सांगितलं. 'पंगत' या शब्दाला मला पंजाबी शब्द सुचेना, म्हणून तोच ठेवला. सरदारजींनी तो पकडला. "पंगत?" ते आईकडे वळले. "साडे वी पंगत हुंदी ए, बीजी. लंगर विच." आमच्याकडेही, गुरुद्वारातल्या जेवणात, पंगतच असते, असं ते तिला आदरानं 'बीजी' म्हणून सांगत होते. आईनं मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या शहरानं तिचा एक शब्द तिला जसाच्या तसा परत दिला होता. सरदारजी मला म्हणाले, ती इटलीतली म्हातारीही असंच करायची. सगळे बसल्याशिवाय कुणी काटा उचलला तर हातावर पळी मारायची. मग त्यांनी आमच्या तिन्ही ताटल्या स्वतः उचलल्या आणि आत नेल्या. त्या खिडकीतून आम्ही पाहत होतो. त्यांनी सगळं नव्यानं केलं, तिन्ही ताटल्या एका मोठ्या परातीत घालून एकदम आणल्या, आमच्यापुढं मांडल्या, दोन पावलं मागं सरले आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, त्या रांगेच्या देखत हात जोडून म्हणाले, "लओ जी. छको." घ्या, जेवा.

आम्ही जेवलो. मला त्या चवीचं वर्णन जमणार नाही, प्रयत्नही करत नाही. माझी नात चंडीगढजवळच्या खरडमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून फोनवरून पास्ता मागवते आणि मला एक घास देते, तेव्हा मी "छान आहे गं" म्हणते. छान असतोच. पण पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते तिखटानं आलं नव्हतं.

सरदारजी अजून तिथंच उभे होते. आईनं एक नळी काट्यानं न घेता सरळ बोटांनी उचलली, उजेडात धरली, तिच्यातून आरपार पाहिलं, आणि मला म्हणाली, "हे तर सरगुंडे होत." मग नखानं ती नळी सोलल्यासारखी तपासली. "पण याले वळ नाही कुठं. हे मशीनचं आहे. हातानं केलेलं नाही."

सरगुंडे म्हणजे काय हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्याकडे बायका जमून ते करतात. घट्ट मळलेल्या कणकेची सुतळीएवढी वळी काढायची, ती बारीक काडीवर गोल गोल गुंडाळत न्यायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागं उरतो तो पोकळ, पिळाचा सरगुंडा. वाळवून ठेवायचे आणि उकडून आमरसाबरोबर खायचे. मी आईचं वाक्य भाषांतर करून टाकलं, पोरवयात काय बोलू नये ते कळत नाही. "मम्मी कहंदे ने, ए मशीन दा ए."

सरदारजींचा चेहरा लाल झाला. दारातल्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, इथं सगळं हातानं वळलेलं मिळतं. ते वाचून शहर येत होतं, आणि इतक्या अधिकाऱ्यांत, प्रोफेसरांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते माझ्या आईच्या नखानं पकडलं होतं. त्यांनी काही सारवासारव केली नाही. आपले दोन्ही हात आमच्यासमोर धरले. बोटांची पेरं गाठीगाठींची, सुजलेली, दोन बोटं तर वाकतच नव्हती. वर्ष झालं, ते म्हणाले, थंडीनं हात गेले. माणसं शिकवून पाहिली, कुणाला जमेना. म्हणून दिल्लीहून खोकी मागवतो. आणि मग एकदम, "बीजी नूं आंदी ए?" तुझ्या आईला येतं का हे करायला?

आईनं माझ्या भाषांतराची वाट पाहिली. मग उठली. एवढंच. लुगड्याचा पदर खोचला आणि त्यांच्या मागून त्या भटारखान्यात गेली, आणि तिच्या मागून मी. तिनं रवा आणि कणीक मागितली, पाणी मागितलं, मळून घेतलं. सरदारजींनी एका डब्यातून सायकलच्या चाकाची घासून गुळगुळीत केलेली तार काढून दिली. ते तिच्यावरच वळायचे. ती तार हातात आल्यावर आईनं किंचित हसून माझ्याकडे पाहिलं. पुढं काय झालं ते मी पाहिलं आणि तरी मला दिसलं नाही, इतक्या वेगानं झालं. डाव्या हाताच्या चिमटीतून वळी सुटतेय, उजव्या तळव्याखाली तार फिरतेय, आणि ओट्यावर एकामागून एक सरगुंडे पडतायत, सगळे एका मापाचे, जणू बाबांनी पट्टी लावून आखलेत. भट्टीवरची माणसं हातातलं काम टाकून जवळ आली. खिडकीतून हॉलमधले लोक वाकून बघू लागले, रांगेतले बघू लागले. बाबा खिडकीच्या पलीकडे उभे होते, तोंडावर रुमाल धरून. मी आईला हे करताना आधीही पाहिलं होतं, आजोळी, दर उन्हाळ्यात, आणि कंटाळून खेळायला पळाले होते. त्या दिवशी मात्र माझ्या अंगावर काटा आला. ही बाई कोण आहे, आणि हिला मी हसले होते?

सरदारजींनी ताजे सरगुंडे उकळत्या पाण्यात टाकले, एक काढून तोंडात घातला आणि डोळे मिटून उभे राहिले. मग मला म्हणाले, मंगळवारी हॉटेल बंद असतं. बीजींना विचार, मंगळवारी हे वळून द्यायला येतील का? माझी घरवाली स्वतः घ्यायला येईल. या आठवड्यापासून दर मंगळवारी.

मी आईला सांगितलं. ती हातावरचं पीठ काढत होती. तिनं ओट्यावर उरलेल्या सरगुंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याइले सांग, बुधवारी आमची गाडी आहे. आमी जाऊन राहिलो. जमत नाही म्हणा."

मी सरदारजींकडे वळले. खिडकीपलीकडे बाबा होते. काय सांगायचं ते ठरवायला मला दोन सेकंद लागले असतील, पण आयुष्यात इतका विचार मी पुन्हा क्वचितच केला. आणि मग स्वच्छ, ठणठणीत पंजाबीत मी म्हणाले, "मम्मी कहंदे ने, आ जाणगे." आई येईन म्हणतेय.

सरदारजींनी दोन्ही हात जोडले. पत्ता विचारला, तोही मी दिला. आईनं विचारलं, "सांगितलं?" मी म्हणाले, "बता दिया." तिनं मान हलवली आणि हात धुतले.

तो सोमवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आई ट्रंक भरत होती. मी शाळेतून आले तर माझी पुस्तकंसुद्धा दोरीनं बांधून ठेवलेली. बाबांना सांगावं असं दहादा वाटलं, पण बाबांच्या पोटात काही राहायचं नाही. मंगळवारी मी पोट दुखतंय म्हणून शाळेला दांडी मारली. फाटकाकडे तोंड करून ओट्यावर बसून राहिले आणि मनात ठरवलं की रिक्षा आली तर धावत जाऊन त्यांना परत पाठवायचं, आई आजारी आहे म्हणायचं. दहाच्या सुमाराला रिक्षा आली. आत सरदारनी, शाल पांघरलेली, हसरी, आणि मागून सायकल ढकलत हरबचनसिंग. मी उठले. मला रडू फुटलं. तिथंच, ओट्यावर उभी राहून मी मोठ्यानं भोकाड पसरलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, मी खोटं बोलले. तू येशील असं मीच त्यांना सांगितलं. मला जायचं नाहीये." हे सगळं मराठीत बोलले. किती दिवसांनी, ते मला आठवत नाही.

आई बाहेर आली. तिची अंघोळ झालेली होती, केस विंचरलेले होते, आणि अंगावर बाहेर जायचं लुगडं होतं.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "'आ जाणगे' म्हणजे काय, थे समजायले काय शाळेत जा लागते? चार वर्षं झाले या गावात. कान आहेत ना मले."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

ती माझ्याजवळ आली आणि पदरानं माझं नाक पुसलं. "हो म्हणायचं होतं व मले," ती म्हणाली. "पण तुह्या बाबाच्या समोर इतका हट्ट धरून बसली होती मी, आता कोन्या तोंडानं म्हणू? तू म्हटलं माह्यासाठी. लय बरं झालं."

मी तिला मिठी मारली असती, पण ती तोवर फाटकापर्यंत पोचली होती. मी चपला शोधू लागले. तिला तिथं बोलायला मी लागणारच, हे मी गृहीत धरलं होतं. सरदारनी बाजूला सरकली, आई तिच्याशेजारी बसली आणि तिनं मागं वळून पाहिलं.

"तू कायले येतंस?" ती म्हणाली. "पोट दुखते ना? घरी बस. मी बोलतो माझी."

आणि ती सरदारनीकडे वळून, आपल्या वऱ्हाडी हिंदीत, मोठ्या आवाजात काहीतरी विचारू लागली. रिक्षा सरळ रस्त्यानं सतरा सेक्टरकडे निघाली. तिथं एकही वळण नसल्यामुळं मला ती खूप लांबपर्यंत दिसत राहिली, आणि आई सगळा वेळ बोलतच होती.